स्पार्कल आणि टर्टलसाठी प्रकार ओळखणारे साचे: मजकूर जोडून क्वेरी लिहिणे आता थांबवावे का?

गिरगावकर

नमस्कार मंडळी,

मुंबईतील एका जुन्या ग्रंथालयाची हस्तलिखित सूची संगणकावर आणून तिचे आरडीएफमध्ये (माहिती छोट्या विधानांत मांडण्याच्या पद्धतीत) रूपांतर करण्याचे काम मी गेले आठ महिने करीत आहे. लेखक, ग्रंथ, प्रकाशक, प्रकाशनस्थळ असे सारे ट्रिपलच्या, म्हणजे ‘कर्ता, गुणधर्म, मूल्य’ अशा तीन भागांच्या विधानांच्या, रूपात साठवले आहे आणि त्यावर स्पार्कल या आरडीएफच्या क्वेरीभाषेने शोध घेणारे एक साधे पान वाचकांसाठी ठेवले आहे. काम पायथनमध्ये, आरडीएफलिब वापरून चालते.

गेल्या मंगळवारी एका वाचकाने लेखकाच्या रकान्यात डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत टाकले आणि पान बंद पडले. रोमन लिपीत या आडनावात डी या अक्षरानंतर एकेरी अवतरणचिन्ह असते. माझ्या क्वेरीत नाव एकेरी अवतरणांतच बसवले जात होते, त्यामुळे डीपाशी नाव संपले आणि उरलेली अक्षरे क्वेरीत मोकळी पडली. मी बाहेरची अवतरणे दुहेरी केली. दुसऱ्याच दिवशी एक निबंधसंग्रह अडकला, कारण त्याच्या शीर्षकातच दुहेरी अवतरणे होती. मग मी लांब मजकुरासाठी असलेली तीन-तीन अवतरणांची सोय वापरली आणि प्रश्न मिटला असे समजून स्वस्थ झालो. शुक्रवारी एका पुस्तिकेचे शीर्षक नेमके अवतरणचिन्हानेच संपणारे निघाले. शेवटी चार अवतरणे लागोपाठ आली आणि स्पार्कलच्या व्याकरणाला ती चालत नाहीत.

चार दिवसांत तीनदा हात पोळल्यावर माझ्या लक्षात आले की मी केवळ चिन्हे बदलत होतो. मूळ दोष असा की क्वेरी म्हणजे निव्वळ मजकूर असे धरून मी तिचे तुकडे जोडतो आहे. जिथे नाव यायचे तिथे नावच येईल, जिथे आयआरआय (वस्तूचा वेबपत्त्यासारखा ओळखसंकेत) यायचा तिथे आयआरआयच येईल आणि जिथे तारीख यायची तिथे तारीखच येईल, याची हमी साच्यानेच घ्यावी असे मला आता मनापासून वाटते. पायथन ३.१४ मध्ये टी-स्ट्रिंग आल्या आहेत. त्यांत साच्याचा स्थिर भाग आणि मध्ये बसवलेली मूल्ये वेगवेगळी हाती येतात. त्यांच्या आधाराने लहानसे साधन लिहावे असा विचार आहे. ज्यांनी असे काही केले आहे त्यांनी अनुभव सांगावेत, आणि हा मार्गच चुकीचा वाटत असेल तर तेही स्पष्ट लिहावे.

वसईकर

धागा काढल्याबद्दल आभार. वसईपासून उत्तन, गोराई आणि वांद्र्यापर्यंत डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा ही घरोघरची आडनावे आहेत. एका कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जात माझे स्वतःचे आडनाव ‘अवैध अक्षर’ म्हणून दोनदा परत आले होते. शेवटी चिन्ह गाळून अर्ज भरला आणि आता एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरे, अशी स्थिती आहे. त्यामुळे विनंती एवढीच की उपाय कोणताही करा, पण चिन्ह गाळून टाकणे हा उपाय समजू नका.

अभिजात_क

गिरगावकर, निदान योग्य आहे. परंतु एसक्यूएलची (नेहमीच्या डेटाबेसच्या क्वेरीभाषेची) सवय असलेली मंडळी इथे येऊन ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, झाले’ असे सांगतील, म्हणून आधीच एक फरक मांडतो. एसक्यूएलमध्ये क्वेरीचा सांगाडा आणि त्यात बसवायची मूल्ये सर्व्हरकडे वेगवेगळी पाठवता येतात. मूल्य कधी व्याकरणातून जातच नाही. मार्च २०१३ मध्ये शिफारस झालेल्या स्पार्कल १.१ प्रोटोकॉलमध्ये तशी जागाच ठेवलेली नाही. विनंतीत क्वेरीचा मजकूर जातो आणि कोणत्या ग्राफवर (ट्रिपलच्या संचावर) ती चालवायची ते जाते. मूल्यांसाठी स्वतंत्र रकाना नाही. आरडीएफ४जेसारखे काही सर्व्हर स्वतःच्या पद्धतीने मूल्ये वेगळी स्वीकारतात, पण ती सोय त्यांच्यापुरतीच. म्हणजे बहुतेक ठिकाणी मूल्याचा मजकूर आपल्याच बाजूला तयार व्हायला हवा आणि तो करणारा भाग विश्वासार्ह हवा.

जावा वापरणाऱ्यांसाठी जेना या आरडीएफच्या साधनसंचात ‘पॅरामीटराइज्ड स्पार्कल स्ट्रिंग’ नावाचा क्लास आहे. तो उपयोगी आहे, मीही वापरला आहे. मात्र त्याच्या स्वतःच्याच कागदपत्रांत म्हटले आहे की तो मजकुराच्या पातळीवर काम करतो आणि म्हणून अभेद्य नाही. विशेषतः रिकामी जागा क्वेरी लिहिणाऱ्याने आधीच अवतरणांत ठेवली असेल, तर आत बसवलेल्या मूल्याची अवतरणे बाहेरच्या अवतरणांना बंद करतात आणि संरक्षण उलटते. कारण साधे आहे: आपण मजकुराच्या कोणत्या भागात उभे आहोत, हे मजकूर बदलणाऱ्याला कळत नाही.

मुलुंड_पूर्व

मी थोडा वेगळा विचार मांडतो. एवढ्याशा कारणासाठी नवे साधन लिहिण्याची गरज मला दिसत नाही. आरडीएफलिबमध्ये क्वेरी चालवताना सुरुवातीची मूल्ये वेगळी देण्याची सोय आहे, क्वेरीत ?नाव हे चल (मूल्याची रिकामी जागा) ठेवायचे आणि त्याचे मूल्य बाजूने द्यायचे. दूरच्या सर्व्हरसाठी क्वेरीच्या शेवटी व्हॅल्यूजचा (चलांची मूल्ये देणारा) भाग जोडता येतो. आमच्या गटात तर कित्येक वर्षे एक आठ ओळींचे फंक्शन अवतरणांपुढे बॅकस्लॅश लावते आणि त्यावर सारे चालते. शिवाय धागाकर्त्यांचे पान केवळ वाचनाचे आहे. कोणी खोडसाळ मजकूर टाकला तरी बिघडणार काय?

रेवती_डोंबिवली

मुलुंड_पूर्व, आपल्या तिन्ही मुद्द्यांवर मला लिहावेसे वाटते, कारण मी तिन्ही टप्प्यांतून गेले आहे.

आधी ‘बिघडणार काय’ याबद्दल. समजा वाचकाने ग्रंथावर टिपण लिहायचे आणि ते इन्सर्ट डेटा या नोंद घालणाऱ्या आज्ञेने साठवायचे, अशी सोय उद्या जोडली. टिपणाच्या रकान्यात कोणी असे लिहिले:

छान पुस्तक" } ; ड्रॉप ऑल #

पहिल्या अवतरणाने टिपण संपते, महिरपी कंसाने डेटाचा भाग बंद होतो, अर्धविरामानंतर दुसरी क्रिया सुरू होते, कारण स्पार्कल अपडेटमध्ये एका विनंतीत अनेक क्रिया अर्धविरामाने जोडून देता येतात. ती क्रिया सारे ग्राफ पुसून टाकते. शेवटच्या खुणेने साच्याचा उरलेला भाग टिप्पणी ठरतो, त्यामुळे व्याकरणाची तक्रारही येत नाही. केवळ वाचनाच्या पानावरही निश्चिंत राहता येत नाही. क्वेरीत ‘फक्त प्रकाशित नोंदी’ अशी अट असेल तर युनियन (‘किंवा’ अशी पर्यायी जोड) घुसवून ती बाजूला सारता येते, आणि सर्व्हिस हा शब्द घालून आपल्या सर्व्हरला दुसऱ्याच पत्त्यावर विनंती करायला लावता येते.

आता आठ ओळींचे फंक्शन. त्यात बॅकस्लॅशपुढे बॅकस्लॅश लावला आहे का, ते कृपया आजच पाहावे. तो राहिला असेल तर बॅकस्लॅशने संपणारे मूल्य आपल्या शेवटच्या अवतरणालाच गिळते. नवीन ओळ राहिली असेल तर दोन ओळींचा पत्ता टाकताच क्वेरी मोडते, कारण साध्या अवतरणांत थेट ओळ तोडता येत नाही. आणि हे सारे नियम केवळ लिटरलसाठी, म्हणजे अवतरणांत लिहिलेल्या मूल्यांसाठी, आहेत. आयआरआयच्या टोकदार कंसांत नियम निराळे: तिथे रिकामी जागा, दुहेरी अवतरण, महिरपी कंस, उभी रेघ, बॅकस्लॅश यांना मज्जावच आहे आणि पुढे बॅकस्लॅश लावून त्यांना आत घेता येत नाही. टक्केचिन्हाचा संकेत वापरून ते बसवले तर आयआरआयच बदलतो, कारण आरडीएफमध्ये दोन आयआरआय अक्षरशः सारखे असतील तरच एक मानले जातात. म्हणून अशा जागी साच्याने दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये, सरळ नकार द्यावा. टर्टलसाठी (आरडीएफ मजकूर-फाइलीत लिहिण्याच्या पद्धतीसाठी) लिहिलेले फंक्शन स्पार्कललाही चालेल, हे गृहीतक देखील धोक्याचे आहे. बॅकस्लॅश आणि यू यांनी सुरू होणारे युनिकोड संकेत टर्टलमध्ये लिटरल आणि आयआरआय यांच्या आतच अर्थपूर्ण आहेत, स्पार्कल १.१ मध्ये ते संपूर्ण क्वेरीत, व्याकरण लागू होण्याच्या आधीच उलगडले जातात.

राहिले व्हॅल्यूज आणि सुरुवातीची मूल्ये. सोप्या क्वेरीसाठी तो मार्ग खरोखर चांगला आहे. मात्र उपक्वेरीत चल बाहेर निवडलेले नसेल तर आतला ?नाव आणि बाहेरचा ?नाव हे दोन वेगळे चल असतात, आणि बाहेरून दिलेले मूल्य आत पोहोचत नाही. हा प्रश्न किती किचकट आहे याचा पुरावा आरडीएफ माहिती तपासण्याचे नियम सांगणाऱ्या २०१७ च्या शॅकल शिफारशीत आहे: तिथे आधीच बांधलेल्या चलांची सोय देताना मायनस, व्हॅल्यूज आणि सर्व्हिस वापरण्यास मनाई करावी लागली आणि उपक्वेरीवरही अट घालावी लागली.

मुलुंड_पूर्व

बॅकस्लॅश राहिला होता. आजच बदलतो आहे. बाकी मुद्द्यांवर विचार करून लिहितो.

खाडीपलीकडे

इथवर चर्चा घुसखोरीभोवती फिरली. माझ्या अनुभवात खोडसाळ माणूस वर्षातून एकदा येतो किंवा येतही नाही, पण चुकीच्या प्रकाराचे मूल्य रोज येते. साच्याला प्रकार कळायला हवा तो मुख्यतः यासाठी, आणि या भागाकडे कोणी पुरेसे लक्ष देत नाही याचे मला वाईट वाटते.

मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ०२२ आहे. तो एकदा का पूर्णांक म्हणून गेला की २२ होतो आणि शून्य परत मिळत नाही. दादर पश्चिमेचा पिनकोड ४०००२८ पूर्णांकातही शाबूत राहतो, म्हणून त्याची चूक लक्षात येत नाही; परंतु साठवताना तो मजकूर असेल आणि शोधताना साच्याने अंक म्हणून बसवला, तर ट्रिपलची जुळणी होत नाही. त्रुटीचा संदेश येत नाही. शून्य उत्तरे येतात, आणि शून्य उत्तरे पाहून माणूस समजतो की माहितीच नाही.

मराठी पानांवर याहून सूक्ष्म गोष्ट घडते. वाचक ४०००२८ हे देवनागरी अंकांत लिहितो. पायथनचे अंक तपासणारे फंक्शन देवनागरी अंकांना अंक मानते, त्यामुळे तपासणी पार पडते. आणि मग तोच मजकूर जसाच्या तसा क्वेरीत गेला की स्पार्कल अडते, कारण तिथल्या पूर्णांकात केवळ रोमन लिपीतले शून्य ते नऊ चालतात. तपासायचे एक आणि पाठवायचे दुसरे, असे झाले. आधी खऱ्या पूर्णांकात रूपांतर करून त्या पूर्णांकापासून मजकूर बनवला तर अडचण राहत नाही, कारण पायथनला देवनागरी अंकांपासून पूर्णांक बनवता येतो.

साधन लिहिणार असाल तर पायथनमधल्या दोन जोड्या ध्यानात ठेवा. तिथे खरे-खोटे हा प्रकार पूर्णांकाचाच उपप्रकार आहे आणि तारीख-वेळ हा तारखेचा उपप्रकार आहे. पूर्णांकाची तपासणी आधी लिहिली तर ‘खरे’ हे मूल्य पूर्णांक म्हणून जाईल. तारखेची आधी लिहिली तर वेळ असलेले मूल्य एक्सएसडी डेट, म्हणजे नुसती तारीख, म्हणून जाईल. क्रम उलटा ठेवावा. दशांशातही नीट ठरवावे: स्पार्कलमध्ये १.५ असे लिहिले तर ते डेसिमल (अचूक दशांश), घातांक लावून लिहिले तर डबल (संगणकाचा अंदाजे अपूर्णांक). पायथनचा साधा अपूर्णांक डबल म्हणून जायला हवा, आणि रुपये-पैसे डेसिमलमध्येच हवेत.

वसईकर

खाडीपलीकडे, तारखेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या पॅरिशच्या जुन्या नोंदवहीचे असेच काम मी करून दिले होते आणि सर्व तारखा एक दिवस मागे गेल्या होत्या. कारण अजून कळलेले नाही.

खाडीपलीकडे

जावास्क्रिप्ट वापरले होते काय? तसे असेल तर कारण जवळपास नक्की आहे. १ जून म्हणून तारीख दिली की तिथे मुंबईच्या १ जूनची मध्यरात्र तयार होऊ शकते, आणि प्रमाण पद्धतीने मजकूर काढला की ती ग्रीनिचच्या वेळेत जाते: ३१ मे, सायंकाळचे साडेसहा. आपण साडेपाच तास पुढे आहोत, ते तास वजा होतात. मग कोणी पहिली दहा अक्षरे कापून तारीख म्हणून साठवतो. साच्यातील रिकाम्या जागेवर ‘इथे केवळ तारीख, वेळ नव्हे’ असे लिहिलेले असते आणि वेळ आल्यावर तिने नकार दिला असता, तर ही चूक पहिल्याच नोंदीला पकडली गेली असती.

वसईकर

होय, जावास्क्रिप्टच होते. बाप्तिस्म्याच्या तारखा आहेत, पुन्हा सर्व तपासून घेतो. मनःपूर्वक आभार.

शब्दवेध

मराठी मजकुराबद्दल कोणीतरी लिहावे म्हणून मी लिहितो. आरडीएफ १.१ पासून, म्हणजे २०१४ पासून, भाषेची खूण नसलेला ‘मुंबई’ हा लिटरल साधा मजकूर आहे आणि मराठीची एमआर खूण असलेला ‘मुंबई’ हा निराळा लिटरल आहे. ट्रिपलच्या जुळणीत दोन्ही परस्परांना ओळखत नाहीत. विकिडेटावर मुंबईची नोंद क्यू ११५६ आहे. तिथले प्रत्येक नाव भाषेच्या खुणेसह आहे, त्यामुळे खूण न लावता शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. साच्यात ‘भाषेसह मजकूर’ हा स्वतंत्र प्रकार असावा आणि भाषा विसरली तर चालू नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट, काहीशी अवांतर. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ या स्वतंत्र अक्षराने, र खाली नुक्ता देऊन, किंवा र आणि हलन्तानंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही एकच दिसतात. पहिल्या दोन युनिकोडच्या प्रमाणीकरणात एक होतात. तिसरी होत नाही. जुन्या कळफलकांतून आलेल्या मजकुरात तिसरी भरपूर आढळते आणि स्पार्कल तर अक्षरांचे संकेतच ताडून पाहते. साच्यानेच हे एकसारखे करून घ्यावे काय?

गिरगावकर

शब्दवेध, हा प्रश्न माझ्याही सूचीत आहे. ‘वऱ्हाड’ शोधले तर निम्मेच ग्रंथ येतात. मलाही वाटते की साच्यानेच करावे.

रेवती_डोंबिवली

मी याला विरोध करीन. साच्याचे काम एवढेच की दिलेले मूल्य जसेच्या तसे, एकही अक्षर न बदलता, योग्य जागी पोहोचावे. आज तो र दुरुस्त करील, उद्या रिकाम्या जागा छाटील, परवा दुसरे काही. मग मी दिलेले मूल्य आणि साठवलेले मूल्य एकच आहे याची खात्री कोणी द्यायची? एकसारखेपणा माहिती आत घेतानाच करावा, मूळ शीर्षक जसे आहे तसे ठेवून शोधासाठी दुसरा गुणधर्म जोडावा आणि शोधाच्या मजकुरावरही तीच क्रिया साच्यात बसवण्यापूर्वी करावी.

शब्दवेध

मूळ शीर्षक आणि शोधाचे रूप वेगळे ठेवणे पटले. हस्तलिखित सूचीत तर मूळ लेखन जपणे हेच काम आहे.

अभिजात_क

प्रकारांच्या चर्चेत ब्लँक नोड (स्वतःचा आयआरआय नसलेली वस्तू) राहून गेला आणि माझ्या मते सर्वांत फसवा तोच आहे. एका क्वेरीच्या उत्तरात ब्लँक नोड आला, तो आपण चलात ठेवला आणि पुढच्या क्वेरीत बसवला. मजकूर म्हणून तो निर्दोष आहे, व्याकरणही मान्य करते. परंतु स्पार्कलच्या क्वेरीत ब्लँक नोड चलासारखा वागतो. ‘हाच नोड’ असा त्याचा अर्थ होत नाही, ‘कोणताही’ असा होतो. म्हणजे एका प्रकाशकाचा पत्ता विचारायला जावे आणि सगळ्यांचे पत्ते हाती यावेत. डिलीट डेटामध्ये तो निषिद्धच आहे, आणि इन्सर्ट डेटामध्ये तो प्रत्येक वेळी नवा नोड निर्माण करतो. एकच मूल्य, आणि तीन ठिकाणी तीन अर्थ.

म्हणून मूल्याचा प्रकार तपासून थांबू नये, रिकाम्या जागेचाही प्रकार हवा. प्रेडिकेटच्या (गुणधर्माच्या) जागी आयआरआयच. क्वेरीतील ब्लँक नोडला नकार. टर्टलमध्ये सब्जेक्टच्या (कर्त्याच्या) जागी लिटरलला नकार. स्पार्कलचे व्याकरण मात्र तो तिथे चालवून घेते, तरीही नियमबद्ध आरडीएफमध्ये तो जुळणार कोणाशीच नाही.

मुलुंड_पूर्व

वाचून, विचार करून पुन्हा आलो आहे. मूळ विरोध मी मागे घेतो, परंतु दोन व्यावहारिक अडचणी मांडतो.

पहिली अशी की स्पार्कलमध्ये महिरपी कंस जागोजागी असतात आणि पायथनच्या टी-स्ट्रिंगमध्ये मूल्य बसवण्याची खूणही तीच. त्यामुळे क्वेरीतला प्रत्येक कंस दुहेरी लिहावा लागतो. दोन ऑप्शनल आणि एक युनियन असलेली क्वेरी अशी लिहिली तर वाचताना डोळे दुखतात आणि ती उचलून थेट सर्व्हरवर तपासून पाहता येत नाही. जावास्क्रिप्टच्या साच्यांत डॉलर आणि कंस अशी जोडखूण असल्याने ही अडचण नाही.

दुसरी अडचण रचनेची. आमच्या पानावर वाचक वर्ष निवडतो किंवा निवडत नाही, क्रम चढता-उतरता ठरवतो. म्हणजे क्वेरीचे तुकडेच बदलतात. तिथे मूल्य बसवणाऱ्या साच्याचा काय उपयोग? शेवटी मजकूरच जोडावा लागणार.

रेवती_डोंबिवली

पहिली अडचण खरी आहे आणि तिच्यावर सुंदर उपाय माझ्याकडे नाही. आम्ही मोठ्या क्वेरी वेगळ्या फाइलीत साध्या स्पार्कलमध्येच ठेवतो, त्यातील चलांना प्रकार जाहीर करतो आणि ती फाइल व्याकरणानुसार वाचून झाल्यावर, तयार झालेल्या वृक्षात मूल्ये बसवतो. मजकूर पातळीवरचे प्रश्नच तिथे उरत नाहीत, आणि फाइल जशीच्या तशी सर्व्हरवर चालवून पाहता येते. लहान क्वेरींसाठी टी-स्ट्रिंग वापरतो आणि दुहेरी कंस सहन करतो.

दुसऱ्या अडचणीवर मात्र उपाय आहे. साच्यात साचा बसवू द्यावा. वर्षाची अट हा स्वतंत्र छोटा साचा. निवड केली असेल तर तो, नसेल तर रिकामा साचा. बाहेरच्या साच्याला आत येणारी वस्तू साचा आहे की साधा मजकूर आहे हे प्रकारावरून कळते: साचा आला तर तो उलगडायचा, मजकूर आला तर तो लिटरल. एफ-स्ट्रिंगने (मूल्ये लगेच मजकुरात मिसळणाऱ्या पायथनच्या सोयीने) बनवलेला तुकडा साधा मजकूरच असतो, म्हणून चुकून दिला तरी तो लिटरल होतो, क्वेरीत मिसळत नाही. टी-स्ट्रिंगला साधा मजकूर जोडायला पायथन स्वतःच नकार देते, आणि फंक्शन फक्त साचाच स्वीकारते असे जाहीर केले की प्रकार तपासणारे साधन एफ-स्ट्रिंग दिलेली जागा चालवण्यापूर्वीच दाखवते. चढता-उतरता यासाठी दोनच मूल्यांचा बंदिस्त प्रकार ठेवावा. वाचकाकडून आलेला शब्द क्रमाच्या जागी कधीही जाऊ देऊ नये.

कल्याण_लोकल

चर्चा क्वेरीवर छान झाली, डेटाच्या बाजूवर दोन शब्द. आमच्याकडे जुन्या तक्त्यांतून टर्टल फाइली बनवण्याचे काम असते आणि नवखे सहकारी प्रत्येक ओळ छापून टर्टल तयार करतात. शक्य तिथे ग्राफ बांधावा आणि लिहिण्याचे काम तयार साधनसंचावर, म्हणजे आरडीएफलिब किंवा जेनावर, सोपवावे. तक्ता स्मृतीत मावणार नाही इतका मोठा असेल तर एन-ट्रिपल्स वापरावे: एका ओळीत एक ट्रिपल, पूर्ण आयआरआय, उपसर्ग नाहीत, त्यामुळे ओळ लिहून पुढे जाता येते.

साचेच हवे असतील तर ऑस्लो विद्यापीठाशी निगडित असलेली ‘रीझनेबल ऑन्टॉलॉजी टेम्प्लेट्स’ ही पद्धत, जिला सगळे ओटर म्हणतात, अवश्य पाहावी. तिच्यात साचा म्हणजे नाव आणि प्रकार असलेल्या चलांची यादी आणि त्यातून उलगडणारे ट्रिपल. चल ऐच्छिक आहे का हे प्रश्नचिन्हाने आणि तिथे ब्लँक नोड चालणार नाही हे उद्गारचिन्हाने सांगता येते. अभिजात_क यांनी मांडलेली गरज तिथे साच्याच्या पहिल्याच ओळीत लिहिली जाते. साचे एकमेकांना बोलावू शकतात आणि प्रकारांची विसंगती उलगडण्यापूर्वीच कळते. ग्रंथालयाच्या कामात ‘ग्रंथ’, ‘लेखक’ आणि ‘आवृत्ती’ असे तीन साचे केले तर सूचीत नोंदी भरणाऱ्याला आरडीएफ शिकावेही लागणार नाही.

नावांबद्दलही एक सूचना. व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात महाराज हा शब्द आला. प्रकाशकांच्या पत्त्यांत अशी नावे येतील. स्थळाचा आयआरआय नावावरून बनवू नका, नाव लिटरलमध्ये राहू द्या. मग आयआरआयच्या जागी वाचकाने लिहिलेला मजकूर बसवण्याची वेळच येत नाही.

गिरगावकर

दहा दिवसांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

वरच्या सूचनांनुसार साधन लिहिले. साधारण दोनशे ओळी झाल्या. साच्यातील प्रत्येक रिकाम्या जागेला प्रकार द्यावा लागतो. आयआरआयमध्ये निषिद्ध अक्षर आले तर साधन थांबते, दुरुस्ती करीत नाही. मराठी मजकूर भाषेशिवाय स्वीकारत नाही. क्वेरीत ब्लँक नोड नाकारते. लिटरलचा मजकूर बनवण्याचे काम मी स्वतः न करता आरडीएफलिबकडे दिले आहे. डिसोझा, दोन अवतरणांचा निबंधसंग्रह आणि अवतरणाने संपणारी पुस्तिका या तिन्ही नोंदी आता पहिल्या तीन चाचण्या आहेत आणि तिन्ही पार पडतात. ‘दऱ्या’ आणि ‘वऱ्हाड’ यांसाठी शोधाचे वेगळे रूप साठवले, आणि शोधात उरलेले ग्रंथ दिसू लागले.

नोंदी आत घेताना नव्या साधनाने सत्तेचाळीस ओळी नाकारल्या. त्यांतल्या बहुतेक आयआरआयमधल्या रिकाम्या जागा होत्या. जुन्या पद्धतीने त्या कुठेतरी मोडक्या अवस्थेत साठवल्या गेल्या असत्या, हे पाहून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

एक गोष्ट मात्र अडली आहे. एका पानावर किती नोंदी दाखवायच्या तो आकडा लिमिटच्या पुढे पूर्णांक म्हणून दिला, प्रकार बरोबर आहे, तरीही सर्व्हर व्याकरणाची चूक दाखवतो.

अभिजात_क

आरडीएफलिब पूर्णांकाचा मजकूर अवतरणांत आणि पुढे एक्सएसडी इंटिजरची खूण लावून देते. ट्रिपलमध्ये ते रूप योग्यच आहे. लिमिट आणि ऑफसेट यांच्यापुढे मात्र व्याकरणाला लिटरल नको आहे, नुसते अंक हवे आहेत. त्या दोन जागांसाठी ‘नुसता ऋणेतर पूर्णांक’ असा वेगळा प्रकार करा.

गिरगावकर

केला. चालले. वसईकर, पान आता खुले आहे. आपले आडनाव चिन्हासह टाकून एकदा पाहाल का?

वसईकर

पाहिले. चिन्हासह चार ग्रंथ आले. त्यातला एक माझ्या आजोबांच्या शिक्षकांचा आहे.